युद्ध, कच्ची फिल्म आणि दोन हजार फूट



युद्ध आणि चित्रपट यांच्या संबंधाची चर्चा बहुधा पडद्यावरील लढाईपासून सुरू होते. कोणी युद्धाचे उदात्तीकरण केले, कोणी त्याची भीषणता दाखविली, यावर समीक्षकांनी पुष्कळ लिहिले आहे आणि ते निरुपयोगी नाही. परंतु अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्याआधीचा एक प्रश्न सुचावयास हवा : चित्र ज्या पट्टीवर उमटते ती पट्टी युद्धकाळात कोणाच्या ताब्यात असते? दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील फिल्म मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची असे, आणि बंदुकीच्या धूरविरहित दारूचा मुख्य घटकही तोच. चित्रपट आणि काडतूस यांचे नाते असे रसायनशाळेपासूनचे आहे!

हिंदुस्थानात त्या वेळी कच्ची फिल्म तयारच होत नव्हती; उटकमंडचा कारखाना उत्पादन करू लागला तो १९६० नंतरच्या दशकात. महायुद्धात ती सारी परदेशातून येई. १९३९ साली व्हाइसरॉयने येथील लोकप्रतिनिधींना न विचारता देशाला युद्धात ओढले, तेव्हा पहिला धक्का मालाडच्या ‘बॉम्बे टॉकीज’ला बसला. तेथील जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन आणि त्यांचे जर्मन सहकारी स्थानबद्ध झाले. पण खरी मगरमिठी पुढेच बसायची होती. १९४२ साली चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर, म्हणजे सुमारे दोन तासांवर आणण्यात आली. पुढील वर्षी कच्च्या फिल्मचे वाटपच परवान्याखाली गेले. आता चित्रपट कोणी काढावा हे सरकारी कचेरीत ठरू लागले. १९४३ चा दुष्काळ बंगालमध्ये लाखो माणसे गिळत होता; त्यावरचा ‘इप्टा’चा ‘धरती के लाल’ प्रेक्षकांपुढे आला तो १९४६ साली, युद्ध संपल्यावर.

प्रेक्षक मात्र वाटला तितका भोळा नव्हता. १९४३ च्या ‘किस्मत’मध्ये परकीयांना निघून जाण्यास बजावणारे एक गाणे होते. त्यात जर्मन आणि जपानी यांचा उल्लेख असल्यामुळे सेन्सॉरला ते युद्धप्रयत्नास पोषक वाटले; खरा रोख कोणावर आहे हे थिएटरातील शेवटच्या बाकावरच्यालाही कळत होते.

त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांखाली एक सक्ती आली. प्रत्येक खेळात सरकारमान्य अनुबोधपट व वार्तापट मिळून २,००० फूट दाखविणे थिएटरांवर बंधनकारक झाले. त्यासाठी ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ या संस्था उभ्या होत्या. परक्या सरकारचा हा प्रचार राष्ट्रीय पक्षांना अर्थातच सलत होता. १९४६ साली मध्यवर्ती विधिमंडळाने त्यांचा पैसा तोडला आणि त्या बंद पडल्या. याचा एक विलक्षण परिणाम असा, की १५ ऑगस्ट १९४७ च्या सोहळ्याचे चित्रण करावयास सरकारजवळ स्वतःचे पथकच नव्हते.

येथवरची कथा साम्राज्यशाहीची म्हणून सोडून देता आली असती. परंतु १९४८ साली राष्ट्रीय सरकारने मुंबईत ‘फिल्म्स डिव्हिजन’ स्थापन केली आणि लवकरच ती सक्तीही परत आणली. आता ती युद्धकालीन नियमात नव्हे, तर थिएटरच्या परवान्यातील अटीत होती. वर त्या पटांचे भाडे थिएटरवाल्याकडूनच वसूल होई. अखेरीस ते तिकीट काढणाऱ्याच्याच खिशातून गेले, हे ओघानेच आले. या संस्थेने काही सुंदर अनुबोधपट दिले. शास्त्री, सुखदेव यांची कामे आजही पाहण्यासारखी आहेत. म्हणून ती व्यवस्था निर्दोष ठरत नाही. १९७५ साली आणीबाणी आली तेव्हा वीस कलमी कार्यक्रमाचा उदोउदो करण्यासाठी नवे काही उभारावे लागले नाही. परक्या राज्यकर्त्यांनी युद्धासाठी घासूनपुसून ठेवलेले हत्यार तीस वर्षे कोठारात तयारच होते, आणि ते तेथे ठेवणाऱ्यांत कालचे स्वातंत्र्यसैनिक होते.

युद्धाने आणखी एक वारसा ठेवला, तो काळ्या पैशाचा. टंचाई, नियंत्रणे आणि लष्करी कंत्राटे यांतून जमलेल्या नफ्याला वाट हवी होती; ती चित्रधंद्यात सापडली. मासिक पगारावर नटांपासून सुतारांपर्यंत सर्वांना पोसणाऱ्या जुन्या संस्था या लाटेत टिकल्या नाहीत. पुण्याच्या ‘प्रभात’ला १९५३ साली टाळे लागले. अंतर्गत कारणेही होतीच, तथापि स. का. पाटील समितीने १९५१ च्या अहवालात युद्धकालीन पैशाच्या या शिरकावाची स्पष्ट नोंद केली आहे. त्या समितीत खुद्द व्ही. शांताराम होते. युद्धाच्या आरंभीच्या वर्षांत सरकारच्या प्रचारपटांचे कामही त्यांनी काही काळ पाहिले होते.

आज कच्च्या फिल्मची गरजच उरली नाही, तेव्हा नियंत्रणही गेले असे कोणास वाटेल. ते फक्त जागा बदलून बसले आहे. रणगाडे, विमाने, युद्धनौका यांची मालकी एकट्या सरकारची आहे. ती चित्रणासाठी हवी असतील तर पटकथा आधी दाखवावी लागते. जुलै २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने याही पुढे जाऊन सेन्सॉर मंडळास कळविले, की सैन्यविषयक चित्रपट वा मालिका प्रसारित करण्यापूर्वी निर्मात्यांनी मंत्रालयाचा ना-हरकत दाखला घ्यावा. दुसऱ्या बाजूला, जानेवारी २०१९ मध्ये ‘उरी’ या चित्रपटास उत्तर प्रदेश सरकारने राज्य वस्तू व सेवा कर माफ केला. एका हातात ना-हरकत दाखला, दुसऱ्या हातात करमाफी. आणि त्या माफीचा भार जे थिएटरात कधी गेलेच नाहीत त्यांनीही उचलला.