घराण्याचा बांधा



"आमच्या घराण्याचं हाडपेरच जाड. चाळिशी आली की अंग सुटणारच!" असे आपण नेहमी ऐकतो. हे अर्धे खरे आहे.

डेन्मार्क नावाचा एक दूरचा देश आहे. तिथे लहानपणी दत्तक गेलेल्या ५४० माणसांचा बांधा, ती मोठी झाल्यावर तपासला. १९८६ साली निकाल छापून आला. वाढवणाऱ्या आईबापांशी त्यांचा बांधा जुळेना. जन्म देणाऱ्यांशी जुळला. जेवले एका घरी, अंगलट आली दुसऱ्या घरची! तेव्हा जाड बाईला खादाड म्हणून हिणवू नका.

आईबापांकडून येणाऱ्या या बियाण्याला जनुक म्हणतात. २००७ साली वजन वाढवणारे एक जनुक इंग्लंडच्या शास्त्रज्ञांना सापडले. ते आई आणि बाप दोघांकडून आले, तर माणूस सरासरी ३ किलोने जड असतो. फक्त ३ किलो! अशी जनुके पुष्कळ आहेत, पण प्रत्येकाचा भार थोडाथोडा. अंगमेहनत करणाऱ्यावर या जनुकाचा जोर कमी चालतो, हेही दिसले आहे. आणि वय वाढते तसा बियाण्याचा वाटा काहीसा घटतो, राहणीचा वाढतो. बांधीतली रोवणी मुलासुनेच्या हाती गेली. आपण बाजेवर बसलो. भात मात्र पूर्वीइतकाच! मग पोट सुटले, तर त्याला आजोबा काय करतील?

किडकिडीत मंडळींनी हसू नये. पुण्याजवळच्या खेड्यांत डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली सुरू केलेल्या अभ्यासात तान्ह्या बाळांची तपासणी केली. बाळे सरासरी २ किलो ७०० ग्रॅमची. इंग्लंडची बाळे साडेतीन किलोची. आपली बाळे लहान, पण अंगातली चरबी त्या मानाने कमी नव्हती. पुढे हातपाय काड्या आणि पोट पुढे, असे आपल्यात पुष्कळ दिसतात. त्यांनाही साखरेचा आजार होतो. म्हणून नुसत्या वजनकाट्यावर जाऊ नका. शिंप्याच्या टेपेने कंबर मोजा. पुरुषाची ९० सेंटीमीटरच्या आत हवी, बाईची ८० च्या आत.

आता म्हाताऱ्या माणसांचे. खाणे तेच, आणि वजन आपोआप उतरू लागले, पोलके ढिले झाले, तर "आमच्यात म्हातारपणी सारेच वाळतात" असे म्हणत घरी बसू नका. क्षयाने माणूस वाळतो. साखरेनेही वाळतो. आरोग्य केंद्रात जाऊन थुंकी आणि रक्त तपासून घ्या. क्षयाची तपासणी आणि औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळते.