ध्रुवावरचा वारा आणि रोजचा रतीब



ज्या दिवसांत सभागृहातील पंखेसुद्धा गरम वारा ढकलीत असतात, त्या दिवसांत आम्ही आपणांस ध्रुवप्रदेशाकडे नेणार आहोत. विषय तेथील वाऱ्याच्या मोजणीचा आहे. एखादे मोजमाप शास्त्रज्ञाच्या टेबलावरून उठून हवामान कचेरीच्या नित्य कारभारात कसे जाऊन बसते, हाही त्याच विषयाचा भाग आहे, किंबहुना मोठा भाग आहे.

हवामानाचे भाकीत आज गणिताने होते, हे आपण जाणता. सबंध पृथ्वीच्या वातावरणाची आत्ताची स्थिती यंत्राला सांगावयाची आणि उद्या-परवाची स्थिती त्याच्याकडून काढून घ्यावयाची. आत्ताची स्थितीच चुकीची सांगितली, तर पुढचे सारे गणित बिनचूक करूनही उत्तर चुकते. उंचावरचा वारा मोजण्याचा जुना उपाय म्हणजे फुगा. जगातील वेधशाळा ठराविक वेळी, बहुधा दिवसातून दोनदा, तो सोडतात. पण आर्क्टिक महासागरावर वेधशाळा कोण बांधणार? तेथे पायाखाली जमीन नाही, वाहणारा बर्फ आहे. अंटार्क्टिका खंडावर जी स्थानके आहेत ती बहुतेक किनाऱ्याला चिकटलेली. म्हणजे नकाशाच्या दोन्ही टोकांना दोन मोठी भोके होती, आणि भोकातली चूक भोकातच राहत नाही. ती वाऱ्याबरोबर चार-सहा दिवसांत युरोप-अमेरिकेच्या अंगणात येऊन उभी राहते.

उपग्रह होते की, असे कोणी म्हणेल. होते, परंतु ते विषुववृत्तावर टांगलेले. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर राहून पृथ्वीबरोबर फिरणारा उपग्रह एकाच प्रदेशाची छायाचित्रे पुन्हा पुन्हा घेतो. एका चित्रात ढग येथे, अर्ध्या तासाने तो तेथे; दोहोंतील अंतरावरून वारा काढावयाचा. डिसेंबर १९६६ मध्ये सोडलेल्या एटीएस-१ या उपग्रहावर व्हर्नर सुओमी यांच्या कॅमेऱ्याने ही वाट खुली केली. आपले इन्सॅट उपग्रहही याच रीतीने वारे देतात. परंतु विषुववृत्तावरून पाहणाऱ्याला ध्रुव अगदी तिरका दिसतो. साठ अंश अक्षांशाच्या पलीकडे हे वारे भरवशाचे राहत नाहीत.

उपाय निघाला तो दुसऱ्या जातीच्या उपग्रहातून. उत्तर-दक्षिण फिरणारे उपग्रह सुमारे ७०० ते ८५० किलोमीटर उंचीवरून साधारण शंभर मिनिटांत एक फेरी पुरी करतात. मोसंबीच्या फोडी जशा देठापाशी एकत्र येतात, तशा या फेऱ्या ध्रुवापाशी एकत्र येतात. पुण्यावरून असा एखादा उपग्रह दिवसातून दोनदा जाईल. ध्रुवाजवळचा तोच प्रदेश त्याला फेरीमागून फेरी दिसत राहतो. मग लागोपाठच्या तीन फेऱ्यांतील चित्रे एकावर एक ठेवून ढगांची चाल का मोजू नये? अमेरिकेतील मॅडिसन येथील विस्कॉन्सिन विद्यापीठात, सुओमींच्याच कर्मभूमीत, डेव्हिड सँटेक, ख्रिस्तोफर व्हेल्डन आणि अमेरिकन हवामान उपग्रह खात्याचे जेफ्री की यांनी हे काम उभे केले. साधन होते नासाच्या टेरा या उपग्रहावरील मोडिस नावाचे यंत्र. टेरा डिसेंबर १९९९ मध्ये आकाशात गेला, त्याचा जोडीदार ॲक्वा मे २००२ मध्ये.

आता यातली खरी मेख सांगतो. ढग किती सरकला हे मोजणे सोपे. तो किती उंचीवर होता हे ठरविणे कठीण. सामान्यतः ढगाचे तापमान मोजतात आणि थंड तो उंच असे धरतात. ध्रुवावरच्या हिवाळ्यात मात्र हा नियम उलटा पडतो. तेथे बर्फाची जमीन वरच्या हवेपेक्षाही थंड असते. ढग जमिनीपेक्षा उबदार निघतो. शिवाय पांढऱ्या बर्फावर पांढरा ढग, आणि महिनोन्महिने रात्र! वारा खरा, पण उंची दोन किलोमीटरनी चुकली, तर तो वारा खोटाच झाला. गणिताला खोटा वारा देण्यापेक्षा काहीच न देणे बरे. मोडिसला एक जादा डोळा होता, तो येथे फार उपयोगी पडला. सुमारे ६.७ मायक्रॉन लांबीच्या अवरक्त किरणांत हवेतील पाण्याची वाफ दिसते. त्यामुळे ढग नसलेल्या आकाशातही वाफेच्या पट्ट्यांची चाल मोजता येऊ लागली.

मार्च २००१ मधील सुमारे तीस दिवसांचे वारे काढून ते युरोपच्या मध्यम पल्ल्याच्या भाकीत केंद्राला व नासाला चाचणीसाठी देण्यात आले. हे वारे घालून एक भाकीत, न घालता दुसरे, आणि मागाहून दोन्हींची खऱ्या हवेशी तुलना. आर्क्टिकवरची आणि उत्तर गोलार्धाची भाकिते सुधारलेली दिसली. २००३ च्या जानेवारीत युरोपीय केंद्राने हे वारे आपल्या रोजच्या गणितात घेतले.

सभागृहात बसून ऐकताना हे सरळ वाटते. पण नेमक्या याच पायरीवर कित्येक चांगली कामे मरतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने २००० साली या प्रश्नावर एक अहवालच काढला व प्रयोगशाळा आणि कचेरी यांमधल्या प्रदेशाला चक्क मृत्यूची दरी असे नाव दिले. आम्हांला ते नाव अतिशयोक्तीचे वाटत नाही. संशोधकाचे काम निबंध छापला की संपते. दूधवाल्याचे तसे नसते. आज म्हैस आटली, उद्या येतो, हे त्याला म्हणता येत नाही. रतीब म्हणजे रतीब. कचेरीला वारे पहाटेही हवेत, नाताळातही हवेत, ठरलेल्या साच्यात हवेत. आणि प्रत्येक वाऱ्याच्या गळ्यात तो किती विश्वासाचा याची चिठ्ठी हवी. यंत्र बिघडले तर अपरात्री उठणारा माणूस हवा, आणि त्याचा पगार कोणाच्या अंदाजपत्रकात लिहावयाचा हे ठरलेले हवे. आमच्या मते शास्त्रीय अडचणींइतकीच ही शेवटची अडचण दांडगी आहे.

आणि वेळ! तीन फेऱ्यांची चित्रे जमायलाच तीन तासांहून अधिक जातात. त्यात चित्रे भूस्थानकावर उतरावयाची, दुसरीकडे जावयाची, तेथे गणित व्हावयाचे. भाकीत केंद्र तोवर थांबत नाही. त्याची गाडी ठरल्या वेळी सुटते आणि उशिरा आलेला वारा फलाटावर राहतो. म्हणून उपग्रहाकडून थेट चित्रे घेणारी स्थानके ध्रुवांजवळच कामाला लावण्यात आली: अंटार्क्टिकावर मॅकमर्डो, नॉर्वेत ट्रोम्सो, फिनलंडमध्ये सोडांकुला, अलास्कात फेअरबँक्स. चित्र जेथे उतरले तेथेच वारा काढावयाचा. क्षेत्र थोडे कमी पडते, पण गाडी चुकत नाही.

तरीही एक काटा राहिलाच. टेरा आणि ॲक्वा हे संशोधनाचे उपग्रह, प्रत्येकी सहा वर्षांसाठी घडविलेले. ते त्याहून कितीतरी अधिक टिकले, हे घडविणाऱ्यांचे कौतुक. परंतु पुढे इंधन संपत आल्याने २०२२ पासून दोघांनीही आपली ठरलेली कक्षा सोडली. ज्यावर जगाची भाकिते विसंबू लागली, त्याच्या मागे वारस नेमलेला नव्हता! ऑक्टोबर २०११ मध्ये गेलेल्या सुओमी एनपीपी या उपग्रहावर व्हीर्स नावाचे नवे यंत्र होते. त्याची दृष्टी तीक्ष्ण, आणि ३,००० किलोमीटर रुंदीचा पट्टा ते एका फेरीत पाहते. २०१४ साली त्याचे ध्रुवीय वारे अमेरिकेच्या नित्य उत्पादनात आले. या वेळी प्रयोगशाळा व कचेरी यांनी आधीपासून हात धरले होते, म्हणून दरी लवकर ओलांडली गेली. पुढे नोव्हेंबर २०१७ मध्ये त्याच कक्षेत अर्ध्या फेरीच्या अंतराने नोआ-२० आला, आणि शंभर मिनिटांऐवजी पन्नास मिनिटांनी दुसरे चित्र मिळण्याची सोय झाली.

पण व्हीर्सला वाफ पाहणारा तो डोळा दिलेलाच नाही! निरभ्र आकाशातले वारे, जे मोडिसने सवयीचे करून ठेवले, ते त्याच्याकडून मिळत नाहीत. यंत्राचा आराखडा ठरतो तेव्हा दहा मागण्या एका खिशात बसवावयाच्या असतात, हे आम्ही जाणतो. तथापि ही मागणी मागे राहावयास नको होती, असे आमचे स्पष्ट मत आहे. युरोपने आपल्या नव्या पिढीच्या मेटॉप उपग्रहावर वाफेचा तो डोळा ठेवला, आणि त्यांतील पहिला उपग्रह ऑगस्ट २०२५ मध्ये वर गेला.

ध्रुवावरचा वारा मोजला म्हणून आपल्या मृगाचा पाऊस वेळेवर येईल, असे आम्ही म्हणणार नाही. असे म्हणणाऱ्यापासून आपणही सावध राहावे. पण सबंध पृथ्वीचे गणित करणारे केंद्र आपल्याकडेही, दिल्लीशेजारी नोएडा येथे आहे, आणि अशा गणिताला ध्रुव वगळता येत नाही. विषुववृत्तावर बसलेल्या आपल्या इन्सॅटना तो दिसत नाही. तेथला वारा दुसऱ्यांच्या रतीबातूनच घ्यावा लागतो.