साधनांची मर्यादा आणि खेळाची कल्पकता

कोणत्याही कलेचा विकास साधनांच्या विपुलतेनें होतो, असा सर्वसाधारण समज आहे. ज्या चित्रकाराजवळ रंग अधिक, त्याचें चित्र अधिक सुंदर. ज्या गायकाजवळ साथीदार अधिक, त्याची मैफल अधिक रंगतदार. असें हें गणित मांडलें जातें. परंतु एकतारीवर गायिलेलें भजन ज्यानें ऐकलें आहे, त्याला या गणितांतील चूक दाखवावी लागत नाहीं. मग उलट टोकाला जाऊन, साधनें कमी असलीं म्हणजे कला आपोआप श्रेष्ठ होते, असें म्हणावें काय? तेंही खरें नाहीं. हा जुना वाद आज ज्या क्षेत्रांत अगदीं मोजमाप घेऊन तपासतां येतो, तें क्षेत्र म्हणजे दूरचित्रवाणीच्या पडद्याला यंत्र जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम. त्या यंत्राला कन्सोल म्हणतात. त्याची शक्ति आंकड्यांत सांगतां येते आणि त्या शक्तीनें खेळ कसकसा घडविला हेंही दाखवितां येतें.

वऱ्हाडांतील माणसाला हा विषय परका वाटण्याचें कारण नाहीं. अमरावतीनजीकचा भातकुली तालुका पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाण पट्ट्यांत मोडतो. जमिनीखालचें पाणी खारें असल्यामुळें विहीर खणून ओलीत करण्याचा मार्ग तेथें बहुतेक ठिकाणीं बंद आहे. म्हणून तेथील शेतकऱ्यानें पावसाच्या पाण्यावर येणारीं कापूस, तूर, मूग अशीं पिकें धरलीं आणि काळ्या जमिनींत मुरलेल्या ओलीवर हरभरा घेतला. या उणिवेचें गुणगान तो करीत नाहीं; गोडें पाणी त्याला हवेंच आहे. परंतु आपली जमीन काय देऊं शकते आणि काय देऊं शकत नाहीं, याची त्याला पक्की जाण असते. त्याचें सारें कसब या जाणिवेंतून आलेलें आहे.

खेळांचेंही असेंच आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकानें १९३६ सालीं बर्लिन येथें ऑलिंपिक सामन्यांच्या प्रसंगीं भारतीय खेळांचीं प्रात्यक्षिकें दाखविलीं. त्यांत हुतूतूचा, म्हणजे कबड्डीचा, समावेश होता. या खेळाला चेंडू लागत नाहीं, दांडू लागत नाहीं, जाळें लागत नाहीं. जमिनीवर ओढलेल्या रेषा आणि माणसें, एवढेंच साहित्य. चढाई किती वेळ चालावी हें मोजण्यास घड्याळाची गरज नव्हती. चढाई करणाऱ्याचा दम हेंच घड्याळ. दम तुटला कीं गडी बाद. साहित्याच्या अभावांतून असा नियम निघाला, आणि खेळाचा सारा थरार त्या नियमांतच सांठला. यंत्रावरील खेळांच्या इतिहासांत हीच घटना पुन्हां पुन्हां घडलेली दिसते.

१९७७ सालीं अमेरिकेंत आलेलें अटारी २६०० हें कन्सोल घ्यावें. खेळ चालू असतांना त्याची स्थिति ध्यानांत ठेवण्यास या यंत्राला अवघी १२८ बाइट स्मृति होती. एका बाइटांत एक इंग्रजी अक्षर मावतें. म्हणजे पोस्टकार्डावरील तीन-चार ओळींइतकी ही जागा. पडद्यावरचें सबंध चित्र सांठविणें तींत अशक्य होतें. म्हणून पडद्यावर किरण एकेक ओळ रेखीत असतांनाच त्या ओळींत काय दिसावें, हें यंत्राला त्या त्या क्षणीं सांगावें लागे. यंत्राच्या रचनेंत हलत्या आकृत्या पांचच: दोन खेळाडू, दोन गोळ्या आणि एक चेंडू.

अशा यंत्रासाठीं डेव्हिड क्रेन यानें १९८२ सालीं ‘पिटफॉल’ हा खेळ रचला. एक साहसी पुरुष जंगलांतून धांवतो, वेलीला लोंबकळून खड्डे ओलांडतो, मगरींच्या डोक्यांवरून उड्या मारीत पलीकडे जातो. या जंगलाचे देखावे २५५ होते. खेळ ज्या डबींत भरलेला असे, जिला आपल्याकडील मुलें पुढें ‘कॅसेट’ म्हणूं लागलीं, तिची जागा मात्र ४,०९६ बाइट. एवढ्या देखाव्यांचीं वर्णनें तींत कशीं मावावीं? क्रेन यानें तीं सांठविलींच नाहींत. एका संख्येपासून ठराविक नियमानें पुढची संख्या काढावयाची, आणि खड्डा कोठें, झाड कोठें, मगर कोठें हें त्या संख्येवरून ठरवावयाचें, अशी त्याची युक्ति होती. हा नियम उलटाही चालतो. त्यामुळें खेळाडू मागें वळला तर सोडून आलेलेंच जंगल त्याला भेटतें. ज्याला पाढा तयार करण्याची रीत ठाऊक आहे त्याला पाढ्यांचें पुस्तक बाळगावें लागत नाहीं, त्यांतलाच हा प्रकार.

कधीं कधीं यंत्राचा दोषच खेळाचा प्राण होऊन बसतो. जपानांतील तोमोहिरो निशिकादो यानें १९७८ सालीं ‘स्पेस इन्व्हेडर्स’ हा खेळ केला. तो घरच्या कन्सोलसाठीं नसून करमणुकीच्या दुकानांत ठेवावयाच्या यंत्रासाठीं होता. त्यांत परग्रहावरील ५५ शत्रु रांगांनीं खालीं उतरतात आणि खेळाडूनें त्यांना टिपावयाचें असतें. इतक्या आकृत्या एकदम हलविण्याचें बळ यंत्रांत नसल्यामुळें प्रारंभीं त्या संथपणें सरकत. शत्रु मरत गेले कीं यंत्रावरील भार हलका होई आणि उरलेले अधिकाधिक वेगानें अंगावर येत. निशिकादो यानें हा वेगांतील फरक दुरुस्त केला नाहीं, तसाच ठेविला. विजय जवळ येत जावा तसतसें संकट वाढत जावें, ही आज सर्वमान्य झालेली खेळाची रचना अशी दुर्बळ यंत्रानें शिकविली.

जगांतील लहान मुलांना परिचित असलेल्या मारिओची कथा याहून रंजक आहे. शिगेरू मियामोतो यानें १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठीं ही आकृति प्रथम योजिली, तेव्हां तिच्यासाठीं थोडेच ठिपके उपलब्ध होते. इतक्या ठिपक्यांत तोंड दिसेना, म्हणून नाकाखालीं मिशा आल्या. केस नीट काढतां येईनात, म्हणून डोक्यावर टोपी आली. हात अंगापासून वेगळे दिसावेत, म्हणून वेगळ्या रंगाचा कामकऱ्याचा पोशाख आला. पुढें १९८५ सालीं निघालेला ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा खेळ सगळा मिळून ४० किलोबाइटांत बसविला होता. त्यांतील आकाशांतला ढग आणि जमिनीवरचें झुडूप या एकाच आकृतीच्या दोन रंगांतल्या प्रति आहेत. कोट्यवधि मुलांनीं तो खेळ खेळला; फारच थोड्यांच्या तें लक्षांत आलें.

याच निन्तेन्दो कंपनींतील गुनपेई योकोई या अभियंत्यानें या साऱ्याचें सूत्रच बांधिलें होतें. जुनें, स्वस्त झालेलें, सर्वांना नीट समजलेलें तंत्र घ्यावें आणि त्याचा नवा उपयोग शोधावा, असें त्याचें मत होतें. १९८९ सालीं त्यानें काढलेल्या ‘गेम बॉय’ या हातांत धरावयाच्या यंत्राच्या पडद्यावर रंग नव्हते. फिकटापासून गडदापर्यंत चार छटा, एवढेंच. प्रतिस्पर्धी यंत्रांचे पडदे रंगीत आणि उजळ होते. परंतु तीं बॅटऱ्या भराभर खात. गेम बॉय चार लहान बॅटऱ्यांवर कितीतरी अधिक तास चाले, आणि बाजारांत तोच टिकला. त्याच्यासोबत गाजलेला ‘टेट्रिस’ हा खेळ तर १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सी पाजित्नोव यानें अशा संगणकावर रचला होता कीं ज्यावर चित्र काढण्याची सोयच नव्हती. त्यानें कंसांच्या चिन्हांनीं ठोकळे दाखविले. ज्या खेळाचें मर्म रंगांत नव्हतेंच, त्याला रंगांवांचून कांहीं उणें पडलें नाहीं.

येथवरचें विवेचन ऐकून मर्यादा हीच कलेची जननी, असा निष्कर्ष काढणें मात्र घाईचें होईल. त्याच अटारी यंत्रावर १९८२ सालीं ‘पॅक-मॅन’ हा लोकप्रिय खेळ उतरविण्यांत आला. त्यांतील चार भुतें एकाच वेळीं दाखविणें जमेना, म्हणून तीं आळीपाळीनें दाखविलीं. परिणामीं तीं सारखीं लुकलुकत राहिलीं आणि खेळाडूंची निराशा झाली. यंत्र तेंच, वर्षही तेंच. क्रेन यानें यंत्राला जें साधेल त्यांतून खेळ काढला. येथें दुसऱ्या यंत्रासाठीं जन्मलेला खेळ त्याच्यावर लादला गेला. शिवाय कांहीं कल्पनांना खरोखरच अधिक शक्तीची वाट पाहावी लागते. लांबी, रुंदी आणि खोली असलेल्या जगांत मोकळेपणें हिंडण्याचा जो आनंद १९९६ च्या ‘सुपर मारिओ ६४’ नें दिला, तो जुन्या यंत्रांवर कोणत्याही युक्तीनें देतां आला नसता. नव्या शक्तीबरोबर नव्या मर्यादाही येतात. १९९९ चा ‘सायलेंट हिल’ हा भयकथेचा खेळ ज्या प्लेस्टेशनवर निघाला, त्याला दूरवरचें गांव रेखाटणें झेपत नव्हतें. रचनाकारांनीं त्या गांवावर दाट धुकें पसरविलें, आणि यंत्राची असमर्थता झांकणारें तें धुकेंच त्या खेळाचें भय झालें.

आज परिस्थिति पालटली आहे. २०२० सालीं निघालेल्या प्लेस्टेशन ५ ची स्मृति १६ गिगाबाइट आहे. अटारीच्या स्मृतीच्या तेरा कोटींहून अधिक पट. मग मर्यादा संपली काय? नाहीं, तिनें केवळ स्थान बदललें. पूर्वी उणीव यंत्रांत होती, आतां ती माणसांच्या वेळांत आणि पैशांत आली. यंत्र झाडाचें पान न् पान दाखवूं शकतें, म्हणून तें कोणीतरी काढावें लागतें. एकेका मोठ्या खेळासाठीं शेंकडों माणसें कित्येक वर्षें राबतात. इतका खर्च झाल्यावर नवें धाडस करण्यास धनको कचरतो आणि गाजलेल्या खेळाचाच पुढचा भाग काढावा, असा आग्रह धरतो. यंत्र बलवान् झालें आणि कल्पना भित्री झाली, असें जें कांहीं ठिकाणीं दिसतें, त्याचें कारण हें आहे.

महाराष्ट्रांतील एक उदाहरण या संदर्भांत अभ्यासण्याजोगें आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या लहान संस्थेनें ‘राजी: अॅन एन्शंट एपिक’ हा खेळ रचला. असुरांनीं पळविलेल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघालेली राजी ही त्याची नायिका. २०१७ सालीं लोकवर्गणीनें पैसा उभारण्याचा संस्थेचा प्रयत्न सफल झाला नाहीं. तरी काम चालू राहिलें. खेळ ऑगस्ट २०२० मध्यें प्रथम निन्तेन्दो स्विच या, समकालीन कन्सोलांच्या मानानें दुर्बळ, यंत्रावर आला, आणि त्याच वर्षीं ‘द गेम अवॉर्ड्स’ मध्यें पदार्पणाच्या उत्तम खेळांच्या नामांकनांत त्याची गणना झाली. त्यांतील कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपानें उलगडतो. दृश्य पाहण्याचा कोनही बहुधा रचनाकारांनींच ठरविलेला असतो. जिवंत चेहऱ्यांचें हुबेहूब चित्रण करण्यास लागणारी फौज लहान संस्थेजवळ नसते. छायाबाहुलीला ती लागत नाहीं, आणि पुराणकथा सांगण्याचें तें या देशांतील जुनें साधन आहे. जें थोडक्या साहित्यांत साधतें आणि ज्याला परंपरेचें बळही आहे, असें माध्यम येथें निवडलें गेलें.

एक मर्यादा मात्र अशी आहे कीं तिचें कौतुक कोणीही करूं नये. १९८३ च्या निन्तेन्दो कन्सोलांत चित्राचा लहानांत लहान तुकडा आठ ठिपके रुंद आणि आठ ठिपके उंच असे. इंग्रजी अक्षर त्यांत सहज बसे. जपानी लोकांनीं आपलीं अवघड चित्राक्षरें बाजूला ठेवून साध्या अक्षरमालेंत काम भागविलें. देवनागरीला वर रेघ आणि वेलांटी, खालीं उकार, मध्यें जोडाक्षर. ‘स्त्री’ हा एकच शब्द तेवढ्या चौकटींत वाचण्याजोगा लिहिणें दुरापास्त. संगणकावर भारतीय लिप्या आणण्याचें ‘जिस्ट’ तंत्र १९८० च्या दशकांत कानपूरच्या आयआयटींत विकसित झालें आणि पुढें पुण्याच्या सी-डॅकनें तें वाढविलें. आतां साध्या फोनवरही मराठी निर्दोष उमटते. म्हणजे यंत्राकडून असलेली आडकाठी केव्हांच दूर झाली आहे. तरीही बहुतेक खेळ मराठी मुलाशीं इंग्रजींतच बोलतात. ही उणीव यंत्राची नव्हे. ती इच्छेची आणि बाजाराच्या हिशेबाची आहे. नाइलाज आणि निष्काळजीपणा यांतील भेद ओळखणें अगत्याचें आहे.

मुलाला अधिक किंमतीचें यंत्र आणून दिलें म्हणजे त्याला अधिक चांगला खेळ मिळाला, असें पुष्कळ पालक समजतात; आणि महागडें यंत्र हातीं आल्यावांचून आपल्याला कांहीं रचतां येणार नाहीं, असें पुष्कळ तरुण समजतात. दोन्ही समजुतींची किंमत मोठी आहे, कारण त्यांच्यापायीं कितीतरी कल्पना आरंभींच विझून जातात. भातकुलीसारख्या गांवींही ज्याच्या हातीं साधा मोबाइल फोन किंवा जुना संगणक आहे, त्याच्याजवळ क्रेनच्या यंत्राच्या लाखों पट स्मृति आहे. त्यानें प्रथम विचारावयाचा प्रश्न इतकाच, कीं या यंत्राला नेमकें काय साधतें आणि काय साधत नाहीं. त्याचें उत्तर ज्यानें चिकाटीनें शोधलें, त्याच्या खेळाला आरंभ झाला.