एका गीताचे चार साथीदार

लिव्हरपूलच्या चौघा तरुणांचा 'बीटल्स' हा वाद्यवृंद १९६७ सालीं कीर्तीच्या शिखरावर होता. त्या वर्षीं निघालेल्या 'सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड' या तबकडीची दुसरी बाजू लावली, कीं प्रथम ऐकूं येतो तो तंबोरा. पाठोपाठ दिलरुब्याचे सूर उमटतात. हें गीत 'विदिन यू विदाउट यू'.

गीत व चाल जॉर्ज हॅरिसन यांची. पंडित रविशंकर यांनीं आकाशवाणीसाठीं केलेल्या एका दीर्घ रचनेचा आधार घेऊन त्यांनीं तें सुमारें ५ मिनिटांत बसविलें. १५ मार्च १९६७ रोजीं लंडनच्या ॲबी रोडवरील ध्वनिमुद्रणगृहांत त्याचें मुद्रण सुरू झालें. हॅरिसन यांचे तिघे सहकारी यांत वाजवीत नाहींत. साथीस बसले ते लंडनच्या एशियन म्युझिक सर्कल या संस्थेच्या परिवारांतील भारतीय वादक.

त्यांची कामगिरी लक्षपूर्वक ऐकण्यासारखी आहे. गजानें वाजणारा दिलरुबा गायकाच्या गळ्यामागून सावलीसारखा चालतो. आरंभीं तबला १६ मात्रांच्या त्रितालांत आहे. मधल्या वादनांत तो १० मात्रांच्या झपतालाची चाल धरतो, आणि तेथें दिलरुबा व सतार यांचे सवाल-जबाब रंगतात. पुढें ३ एप्रिल रोजीं जॉर्ज मार्टिन यांनीं ८ व्हायोलिनें व ३ चेलो यांची भर घातली. स्वरलेखन समोर ठेवून वाजविणाऱ्या या इंग्रज वादकांना दिलरुब्याची मींड आपल्या तारांवर उतरवावयाची होती. त्या दिवशीं पश्चिमेच्या गजानें पूर्वेच्या गजाचें शिष्यत्व पत्करलें.

तबकडीच्या वेष्टनावर नामांकितांच्या चेहऱ्यांची दाटी आहे. परमहंस योगानंद, युक्तेश्वर, लाहिरी महाशय व बाबाजी हे चार भारतीय योगी हॅरिसन यांच्या इच्छेनें तेथें आले. साथीदारांचीं नांवें मात्र त्यावर छापलीं गेलीं नाहींत. पुढें अभ्यासकांनीं तीं उजेडांत आणलीं: दिलरुब्यावर अण्णा जोशी व अमृत गज्जर, तंबोऱ्यावर बुद्धदेव कंसारा आणि तबल्यावर नटवर सोनी.

आपल्या मैफलींत साथीदारांचीं नांवें श्रोत्यांस सांगण्याची रीत आहे. ती निव्वळ शिष्टाचाराची नव्हे. गवयाचा सूर कोणाच्या आधारानें उभा राहिला, याची ती कबुली असते. घरांत ही तबकडी लागेल, तेव्हां हॅरिसन यांच्याबरोबर या चौघांचेंही नांव घ्यावें. वेष्टनावर राहून गेलेली ओळ श्रोत्यांना अशी भरून काढतां येईल.