घर आपले, भूमी सर्वांची
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



निवाऱ्याचा प्रश्न निघाला की आपली चर्चा मुंबई-पुण्याच्या चाळी आणि झोपडपट्ट्या यांच्याभोवतीच फिरू लागते. चंद्रपूर-गडचिरोलीत जागेची काय वाण, असाही एक समज आहे. वस्तुस्थिती निराळी आहे. येथील घराला माती, बांबू, खांब-वाशांचे लाकूड आणि वर कवेलू लागतात. त्यांतील बरेच काही जंगलातून येते. ‘निस्तार’ या नावाने हा हक्क पिढ्यान्‌पिढ्या चालत आला होता. राखीव जंगलाची हद्द गावाच्या उंबरठ्याला भिडली, तेव्हा वाशासाठी लाकूड आणणारा गुन्हेगार ठरला. आणि ज्याचे घर वनखात्याच्या नकाशात आले, तो आपल्याच अंगणात अतिक्रमणदार झाला.

हा अन्याय पुसण्याचा पहिला गंभीर प्रयत्न म्हणजे २००६ चा वनहक्क कायदा. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून वनजमिनीवर राहणाऱ्या वा कसणाऱ्या आदिवासी कुटुंबाला तेथे राहण्याचा हक्क या कायद्याने मान्य केला. इतर पारंपरिक वननिवासींना मात्र तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य दाखवावे लागते. या कायद्यातील तीन गोष्टी प्रत्येक कार्यकर्त्याला तोंडपाठ हव्यात. पहिली, विवाहित दावेदाराचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. दुसरी, दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कोणालाही हुसकावता येत नाही. तिसरी, हा हक्क वारसाने मिळतो, पण विकता येत नाही. पुढे २३ सप्टेंबर २०२० रोजी राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून अनुसूचित क्षेत्रासाठी या कायद्यात बदल केला आणि वाढत्या कुटुंबांना गावालगतच्या वनजमिनीवर घरे बांधण्याची वाट मोकळी केली. ही अधिसूचना किती ग्रामसभांत वाचून दाखवली गेली, हे आपण आपल्या मनाला विचारावे.

‘विकता येत नाही’ या तरतुदीला अनेक जण नाके मुरडतात. विकता न येणारी मालमत्ता ती मालमत्ता कसली, असे ते विचारतात. माझे म्हणणे नेमके उलट आहे. गरिबाला स्वस्तात घर मिळवून देणे हा अर्धाच लढा आहे. ते घर पुढच्या गरिबालाही परवडेल असे राखणे हा उरलेला अर्धा. आजारपण, लग्न, सावकार यांपैकी एकाने गाठले की एकट्याच्या नावची जमीन हातातून जाते, आणि एकदा गेली की ती बाजारभावानेच परत येते, म्हणजे येतच नाही.

याचे उत्तर शोधण्यासाठी दूर जायला नको. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड आदिवासींच्या गावाकडे पाहा. देवाजी तोफा आणि २०२५ साली दिवंगत झालेले मोहन हिराबाई हिरालाल यांच्या साथीने या गावाने अभ्यासगट चालवले आणि निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेण्याची शिस्त बाणवली. २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. गाव एवढ्यावर थांबले नाही. २०१३ मध्ये महाराष्ट्र ग्रामदान अधिनियम, १९६४ चा आधार घेऊन गावकऱ्यांनी आपली खासगी शेतजमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन केली. कसणारा तोच राहिला, वारसही तेच राहिले. फक्त बाहेरच्या धनिकाला जमीन विकण्याचे दार बंद झाले. भूमी सर्वांची आणि उपभोग प्रत्येकाचा, हे सूत्र येथे व्यवहारात उतरले आहे.

आता जंगलातून शहरात येऊ, कारण सूत्र तेच आहे. गोरेगावजवळ दिंडोशी येथे मृणाल गोरे, बाबुराव सामंत यांच्या नेतृत्वाखाली नागरी निवारा परिषदेने कमाल जमीन धारणेच्या १९७६ च्या कायद्याचा आधार घेतला आणि सुमारे ६२ एकर जमिनीवर सामान्यांसाठी सहा हजारांहून अधिक घरे सहकारी तत्त्वावर उभी केली. तो कायदा महाराष्ट्राने २००७ मध्ये रद्द केला. नवी जमीन मिळण्याचा तो मार्ग बुजला. म्हणूनच जे मिळाले ते राखणे अधिक निकडीचे झाले आहे.

चंद्रपूर, बल्लारपूर, गडचिरोली येथील गृहनिर्माण संस्थांच्या सभासदांना आपले हक्क कितपत ठाऊक आहेत? इमारत सभासदांची आणि जमीन अद्याप बिल्डरच्या नावे, अशी अवस्था असेल तर तेथे सहकार नावापुरताच आहे. १९६३ च्या सदनिका कायद्यात २००८ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे बिल्डरने हस्तांतरण टाळले तरी संस्था सक्षम प्राधिकाऱ्याकडे ‘मानीव अभिहस्तांतरण’ मागू शकते. २०१९ मध्ये सहकारी संस्था कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी स्वतंत्र प्रकरण आले. हिशेब आणि इतिवृत्ते पाहणे हा सभासदाचा हक्क आहे. ती सचिवाची मेहेरबानी नव्हे. पुनर्विकासाचा प्रस्ताव आला तर २०१९ च्या शासकीय निर्देशांनुसार सर्वसाधारण सभेला दोन-तृतीयांश सभासदांची उपस्थिती आणि एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची संमती लागते. चार पदाधिकाऱ्यांनी बंद खोलीत केलेली सही म्हणजे संमती नव्हे.

एक आक्षेप रास्त आहे. घर हीच ज्याची आयुष्याची बचत, त्याला अडचणीत ती मोकळी करता येऊ नये काय? अवश्य यावी. संस्था सोडणाऱ्याला त्याने घातलेली रक्कम आणि केलेल्या सुधारणांचे मोल मिळावे. मात्र घर पुढच्या गरजू सभासदाकडेच जावे. सर्वांनी मिळून वाढवलेल्या किमतीवर एकट्याचा नफा उभा राहू नये. कष्टाचा परतावा आणि सट्ट्याचा लाभ यांत आपण भेद केला पाहिजे.

तेव्हा कामाची दिशा स्पष्ट आहे. गावात राहण्याच्या जागेचे दावे वैयक्तिक आणि सामूहिक अशा दोन्ही अंगांनी तयार करा. पट्ट्यावर पत्नीचे नाव आहे का, ते पाहा. शहरात संस्थेची उपविधी मराठीतून मोठ्याने वाचा आणि जमिनीचा उतारा मागा. दोन्हीकडे सभा भरवा, आणि त्या सभेत स्त्रियांना बोलू द्या. कायद्याने दिलेला हक्क सभेत वापरला गेला नाही तर तो कागदावरच झिजतो. मेंढ्याच्या गावकऱ्यांनी हे ओळखले आणि आधी बसून विचार करायला शिकले. जमीन त्यानंतर वाचली.