अहवालाला लागणारा वेळ

परिविक्षा अधिकारी भगिनी-बंधूंनो,

वेतनाचा विषय मागण्यांच्या निवेदनात असू द्या, अध्यक्षीय भाषणात नको, असे काही ज्येष्ठांनी मला सुचवले. त्यांचा मान राखूनही मी तो आज मध्यभागी ठेवणार आहे. आपल्याला मिळणारा पगार आणि आपल्या टेबलावरची प्रकरणे यांवर कोणीतरी तुरुंगात जाणार की घरी, हे ठरत असते.

मुंबई प्रांताने परिविक्षेचा कायदा १९३८मध्ये केला, देशाचा कायदा १९५८मध्ये आला. त्याचे सहावे कलम तुम्हाला पाठ आहे. जन्मठेपेची तरतूद नसलेल्या गुन्ह्यात २१ वर्षांखालील आरोपी दोषी ठरला, तर त्याला कैदेत धाडण्याआधी न्यायालयाने परिविक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि तरीही कैद दिली तर कारणे नोंदवायची. २०१५च्या बाल न्याय कायद्याने तर मुदतच घातली: मूल बाल न्याय मंडळापुढे पहिल्यांदा हजर झाल्यापासून १५ दिवसांत सामाजिक तपासणी अहवाल.

हे १५ दिवस कसे जातात? बीड जिल्ह्यातल्या एखाद्या विधिसंघर्षग्रस्त मुलाचे प्रकरण हाती येते. गृहभेटीला जावे तर दाराला कुलूप, आईबाप ऊसतोडीला कोल्हापूरकडे. मग मुकादमाचा फोन नंबर मिळवा, आजीला बोलते करा. शाळेत गेलात तर पटावर नाव आहे, मुलगा दोन वर्षांत आलेला नाही. तो का आला नाही हे वर्गशिक्षकांनाच ठाऊक आणि त्यांची बदली झालेली. शेजारी पहिल्या भेटीत काहीच सांगत नाहीत. खरे कारण तिसऱ्या भेटीत कळते, आणि तिसरी भेट ज्याला परवडते त्याचाच अहवाल खरा उतरतो. गडचिरोलीच्या अधिकाऱ्याला सिरोंच्यापर्यंत सुमारे २०० किलोमीटर जावे लागते. त्याने तिसरी भेट कधी द्यायची?

कायद्याने मुदत ठरवली. एका अधिकाऱ्याकडे एका वेळी किती प्रकरणे असावीत, ही मर्यादा मात्र १९५८च्या कायद्यातही नाही आणि २०१५च्यातही नाही. ती नसल्यामुळे प्रकरणे वाढली की भेटी कमी होतात, आणि आदल्या अहवालातली वाक्ये पुढच्या अहवालात उतरतात. मी त्या अधिकाऱ्याला दोष देत नाही. दोष रचनेचा आहे, पण भोगतो तो मुलगा.

आता पैशाचे. मिशन वात्सल्य योजनेच्या २०२२च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जिल्हा बाल संरक्षण कक्षात विधी तथा परिविक्षा अधिकाऱ्याचे एक पद असते, कंत्राटी, महिना २७,८०४ रुपये मानधनावर. एक जिल्हा, एक पद! कायद्याचे ज्ञान, समाजकार्याची जाण आणि पायपीट, तिन्ही या एका माणसाकडून हवे आहे. दरवर्षी मुदतवाढीची वाट पाहणारा अधिकारी दुसरी नोकरी मिळताच जातो. त्याला नावे तरी कशी ठेवायची? त्याच्याबरोबर जिल्ह्याची माहिती जाते, आणि मोठ्या कष्टाने विश्वास टाकलेली मुले पुन्हा अनोळखी माणसापुढे बसतात. देखरेखीत हा विश्वास हेच आपले साधन असते.

मे २०२४मध्ये पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला. अल्पवयीन मुलाच्या जामिनाच्या अटीतल्या ३०० शब्दांच्या निबंधावर महाराष्ट्र संतापला, आणि दोन जीव गेल्यावर संताप स्वाभाविकच होता. त्या गदारोळात, अशा मुलांची चौकशी आणि देखरेख करणारी माणसे राज्यात किती आहेत, हा प्रश्न मला ऐकू आला नाही. तो आपण विचारायला हवा होता.

मोठ्या कैद्यांची अवस्था वेगळी नाही. संचित रजा आणि अभिवचन रजा ठरलेल्या नियमांनी मिळते. तिची चौकशी मुख्यतः पोलीस अहवालावर चालते, आणि रजेवर आलेल्या माणसाच्या घरात काय चालले आहे हे समजून घेणारा आपल्यासारखा कोणी तिथे नसतो.

म्हणून या परिषदेने शासनाकडे ठाम मागणी करावी. प्रकरणांची कमाल संख्या नियमात लिहा. कंत्राटी पदे नियमित करा, आणि तोवर मानधन दरमहा ठरल्या तारखेला द्या. प्रवासाचा खर्च अधिकाऱ्याच्या खिशातून जाऊ देऊ नका. आणि तुम्हाला माझी विनंती: उद्यापासून प्रत्येक अहवालाला किती भेटी लागल्या, किती देता आल्या नाहीत आणि का, याची नोंद ठेवा. पुढच्या वर्षी शासनाशी बोलायला बसू, तेव्हा हीच आकडेवारी आपल्या हातात लागेल.