लय जुळवणारी यंत्रे

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, जबलपूरपासून जवळच, पनागर हे तालुक्याचे गाव आहे. १८१७ सालापर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता, आणि जबलपूरच्या परिसरात मराठी कुटुंबे आजही नांदत आहेत. त्यांच्या घरी मंगलाष्टके मराठीतच म्हटली जातात. परंतु अक्षता पडल्यानंतरची संध्याकाळ महाकोशलातील इतर कुठल्याही लग्नासारखीच साजरी होते. पूर्वी तेथे सनई असे, पुढे पितळी वाद्यांचा बँड आला, आणि आता त्यांच्या जोडीला किंवा जागी ‘डीजे’ आला आहे.

‘डीजे’ म्हटले की आज लोकांच्या डोळ्यांपुढे मालमोटारीवर रचलेली ध्वनिक्षेपकांची भिंत उभी राहते. हा अर्थ नंतर चिकटलेला आहे. मूळ शब्द माणसाचा आहे, तबकडी वाजवणाऱ्या माणसाचा. एक गाणे संपण्यापूर्वी दुसरे अशा बेताने सुरू करायचे की नाचणाऱ्याचा पाय अडखळू नये, हे त्याचे खरे काम. त्यासाठी दोन यंत्रे, त्यांचे आवाज एकत्र करणारा मिक्सर आणि पुढचे गाणे आधी स्वतःपुरते ऐकण्यासाठी हेडफोन, एवढी सामग्री लागते. हा धंदा सुरू करू पाहणाऱ्या लहान गावातील तरुणापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो यंत्रांचा. मध्यम किमतीची यंत्रे घ्यावीत, की कर्ज काढून व्यावसायिक दर्जाची?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. टेक्निक्स कंपनीचे एसएल-१२०० हे ग्रामोफोन यंत्र १९७२ साली निघाले, आणि गती कमीजास्त करण्याची सरकपट्टी असलेली त्याची दुसरी आवृत्ती १९७९ साली आली. या धंद्याचा हात त्या यंत्रावर बसला. सोनी आणि फिलिप्स या कंपन्यांनी घडवलेली सीडी १९८२ साली बाजारात आली. बारा सेंटिमीटर व्यासाच्या या तबकडीवर आवाजाचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने नोंदलेले असतात. मात्र घरगुती सीडी प्लेअरवर गाण्याची गती बदलता येत नसे, आणि कळ दाबल्यावर गाणे सुरू होईपर्यंत क्षण-दोन क्षण वाट पाहावी लागे. ही उणीव भरून काढणारी यंत्रे पुढे आली. पायोनियर कंपनीचे सीडीजे-५०० हे यंत्र १९९४ सालचे. १९९८ साली आलेले सीडीजे-१००एस लहान आणि तुलनेने स्वस्त होते. आणि २००१ सालच्या सीडीजे-१००० ने व्यावसायिक यंत्राचा नमुनाच घालून दिला.

या दोन वर्गांतील पहिला भेद लयीच्या सूक्ष्मतेचा आहे. समजा, दोन्ही गाण्यांची लय मिनिटाला सुमारे १२० ठोक्यांची आहे; म्हणजे दर अर्ध्या सेकंदाला एक ठोका पडतो. यंत्राची गती एक दशांश टक्क्याच्या पायऱ्यांनीच बदलत असेल, तर कितीही कसोशीने जुळवले तरी अर्ध्या पायरीएवढी चूक राहू शकते. एका मिनिटात ती तीस सहस्रांश सेकंदांपर्यंत वाढते, आणि तयार कानाला एका ठोक्याचे दोन ठोके होत असल्याचे जाणवू लागते. सीडीजे-१००० च्या सर्वांत बारीक मापात हीच पायरी एका टक्क्याच्या पन्नासाव्या भागाएवढी आहे. तेथे मिनिटाअखेर पडणारे अंतर फार तर सहा सहस्रांश सेकंदांचे. मध्यम यंत्रावर वादकाला मधूनमधून थाळीला बोट लावून लय सावरावी लागते. व्यावसायिक यंत्र त्याला काही काळ निश्चिंत ठेवते.

दुसरा भेद हाताचा. सीडीजे-१००० वर ताटलीएवढी मोठी थाळी आहे. ती ग्रामोफोनच्या तबकडीप्रमाणे हाताने थांबवता येते, मागे-पुढे घासता येते. सीडीजे-१००एसवरील थाळी लहान आहे. तिने लय ढकलता येते, आवाज घासता येत नाही. तसेच गाण्यातील नेमक्या समेवर खूण ठेवून तेथूनच उठायचे, तर सीडीचा सेकंद पंच्याहत्तर भागांत विभागलेला असतो आणि त्यांतील एका भागावर बोट ठेवता येते. मोठ्या यंत्रावर अशा तीन जागा स्वतंत्र कळांवर हाताशी राहतात, आणि खुणा स्मृतिपत्रावर साठवून पुढच्या कार्यक्रमालाही वापरता येतात. ज्याला केवळ एकापाठोपाठ एक गाणी गुंफायची आहेत, त्याचे यावाचून फारसे अडत नाही.

तिसरा भेद टिकाऊपणाचा, आणि पनागरसारख्या ठिकाणी तोच सर्वांत मोलाचा. सीडीवरील नोंदीच्या ओळी इतक्या दाट असतात की एका मिलिमीटरात सहाशेहून अधिक मावतात. लेसरच्या किरणाला त्यांतील एकीवरून न ढळता चालायचे असते. आता वैशाखातील उघडे मैदान, लाकडी फळ्यांचे मचाण, शेजारी थरथरणारे ध्वनिक्षेपक आणि जनरेटरचा चढउतार करणारा वीजपुरवठा डोळ्यांपुढे आणावा. यंत्र पुढचे काही सेकंद आधीच वाचून स्मृतीत ठेवते, म्हणून लहानसहान धक्का ऐकणाऱ्याला कळत नाही. पण भिंगावर धूळ साचली किंवा घरी नोंदलेली सीडी नीट वाचली गेली नाही, की गाणे मध्येच तुटते. वरात पुन्हा काढता येत नाही. त्या एका रात्रीसाठी मुलीच्या बापाने वर्षभर पैसा साठवलेला असतो.

एका बाबतीत मात्र भेद फार थोडा आहे, आणि नेमक्या त्याच बाबतीत गिऱ्हाईक फसते. महाग यंत्राने आवाज मोठा होत नाही. तबकडीवरील नमुने दोन्ही यंत्रांना सारखेच मिळतात. त्यांच्या स्वच्छतेत जो थोडा फरक पडतो, तो मैदानातील कर्ण्यांच्या गदारोळात बुडून जातो. शिवाय २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास सामान्यतः बंदी आहे. उंच भिंत रचून मिळवलेली कीर्ती दहाच्या ठोक्याला संपते.

म्हणून थोड्या भांडवलाच्या माणसाने एक उत्तम आणि एक सामान्य अशी विजोड जोडी करू नये. दोन्ही यंत्रे एकाच प्रकारची, मध्यम दर्जाची, भिंगे साफ केलेली आणि जवळच्या शहरात दुरुस्त होणारी असावीत. हात एकाच ठेवणीवर बसतो, आणि एक यंत्र बिघडले तर दुसऱ्यावर वेळ निभावता येते. मोठ्या शहरातील नृत्यगृहात वाजवण्याची ज्याची आकांक्षा असेल, त्याने व्यावसायिक यंत्रावर हात बसवावा, कारण तेथे तीच मांडलेली असतात. पण त्यासाठी ती विकत घेतलीच पाहिजेत असे नाही.

सीडीचा काळ आता ओसरला आहे. २०२० साली आलेल्या सीडीजे-३००० या यंत्राच्या नावात सीडी राहिली, पण तबकडी घालण्याची फटच त्यात उरली नाही. गाणी पेनड्राइव्हवरून वाजतात. तरी गतीची पायरी, थाळीची पकड, धुळीत टिकण्याची ताकद या कसोट्या नव्या यंत्रांनाही लागू पडतात. आता काही यंत्रे दोन गाण्यांची लय आपोआप जुळवूनही देतात. पण समोरची आजी खुर्चीतून कोणत्या गाण्याला उठेल, आणि थकलेल्या वऱ्हाडाला केव्हा संथ लयीवर आणावे, हे कोणत्याही किमतीच्या यंत्राला सांगता येत नाही. तेवढ्यासाठी हेडफोन एका कानावर ठेवून दुसरा कान मंडपाकडे मोकळा ठेवावा लागतो.